कमानीचं कूळ

नावेच्या लहान ट्रेलरखाली वाकून पाहिलं तर सामान अगदी मोजकं असतं. एक आडवा नळीचा ॲक्सल. त्याच्या दोन्ही टोकांजवळ तीन-चार पोलादी पाट्यांचा एकेक जुडगा, मध्ये खाली झुकलेला आणि टोकांकडे वर उचललेला. जुडगा ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट, त्यांच्या नटांखाली एक जाड पट्टी, पुढच्या टोकाला चौकटीवर पक्का बसवलेला हँगर आणि मागच्या टोकाला झोके घेणारी शॅकल नावाची दोन पट्ट्यांची जोडी. हाताशी ड्रिल आणि पाने असतील तर सवयीचा माणूस एका दुपारी हे सगळं बसवतो. मोटारींखालून ही रचना बरीचशी हद्दपार झाली, पण ट्रेलरखाली ती ठाण मांडून आहे. ती का टिकली हे कळायला तिच्या कुळात शिरावं लागतं, आणि मराठी माणसाला त्या कुळाचा दरवाजा शब्दातच उघडा सापडतो.

महामार्गालगतच्या गॅरेजांवर 'कमान पाटा' असं रंगवलेलं असतं. कमान हा फारसी शब्द, अर्थ धनुष्य. तीरकमानीतली कमान तीच. पुढे आपण दाराच्या अर्धगोलाला कमान म्हटलं, घड्याळाला चावी दिल्यावर आवळल्या जाणाऱ्या पोलादी पट्टीला कमान म्हटलं आणि टांग्याच्या बैठकीखालच्या पाट्यांनाही कमानच म्हटलं. 'लीफ स्प्रिंग' या इंग्रजी नावाला त्यात झाडाचं पान दिसलं. आपल्या कारागिरांना त्यात धनुष्य दिसलं, आणि माझ्या मते त्यांची नजर अधिक खोल गेली. धनुष्य ओढताना हाताचं बळ त्याच्या वाकात साठतं आणि सोडलं की परत मिळतं. चाक खड्ड्यातून वर उसळतं तेव्हा तो हिसका पाटा आपल्या वाकात घेतो आणि सावकाश परत करतो. काम एकच. पंधराव्या शतकात युरोपात क्रॉसबोच्या आडव्या कमानी पोलादी असत, आणि मुघलकाळातली अख्खी पोलादाची हिंदुस्थानी धनुष्यं आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. पोलाद वाकतं आणि परत येतं, हे शस्त्र घडवणाऱ्यांना गाडी घडवणाऱ्यांच्या आधी ठाऊक होतं.

गाडीवाल्यांनी आधी चामड्यावर भागवलं. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावी पंधराव्या शतकात चांगल्या, हलक्या प्रवासी गाड्या बनत. त्या गावाचं नाव युरोपभर गाडीलाच चिकटलं. आपला कोचवान आणि आपल्या रेल्वेचा कोच ही त्याच गावाची नातवंडं. पुढच्या काळातल्या गाड्यांमध्ये प्रवाशांची पेटी चौकटीवर चामड्याच्या पट्ट्यांनी टांगलेली असे. पेटी झुलायची, प्रवाशांना मळमळायचं, आणि चाकांचे हिसके तरीही चौकटीत शिरायचेच. 1665 साली लंडनच्या परिसरात स्प्रिंगा लावलेल्या गाड्यांच्या चाचण्या झाल्या. त्या पाहून आल्याची नोंद सॅम्युएल पेपीसच्या रोजनिशीत आहे. म्हणजे कल्पना होती, उत्साहही होता. अडचण पोलादाची होती. तेव्हाचं पोलाद एकजिनसी नसे. एका पट्टीत एक जागा कडक तर दुसरी मऊ. वाकत राहिलं की तडा जायचाच.

ही गाठ सुटली ती घड्याळजीच्या हातून. बेंजामिन हंट्समन हा इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा घड्याळं करणारा माणूस. घड्याळाच्या कमानीसाठी मिळणारं पोलाद त्याला पसंत पडेना, म्हणून 1740 च्या दशकात शेफील्डजवळ त्यानं मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतायची रीत बसवली. वितळलेलं पोलाद सारखं मिसळतं, त्यातला मळ वर येतो. मुशीतलं पोलाद दक्षिण भारतात त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होत होतं, हे मात्र इथे सांगायलाच हवं. 1794 मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून त्या पोलादाचे, वूट्झचे, नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले, आणि तिथले शास्त्रज्ञ ते तपासत बसले. आपल्याकडे ते तलवारीच्या पात्यात जाऊन थांबलं. बैलगाडीचा आस बिनकमानीचाच राहिला, याची मला नेहमी खंत वाटते.

गाडीच्या कमानीला आजचं रूप मिळालं 1804 च्या सुमारास. लंडनमधल्या लॅम्बेथच्या ओबादाया इलियट या गाड्या बांधणाऱ्यानं पेटंट घेतलं. तोवर पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत गाडीच्या पोटाखालून एक जाडजूड लाकडी दांडा जात असे आणि सगळा डोलारा त्यावर उभा असे. इलियटनं दोन कमानी एकमेकींसमोर ठेवून लंबगोल केला, खालची बाजू थेट आसावर आवळली आणि वरची बाजू गाडीच्या पेटीला जोडली. तो दांडा निकामी ठरला. गाडी हलकी झाली, बुटकी झाली, चढायला सोपी झाली. कमान आता नुसती गादी राहिली नव्हती. आस जागेवर धरून ठेवायचं कामही तिच्याकडे आलं. नावेच्या ट्रेलरखाली आज जे दिसतं त्याचा खरा मूळपुरुष हाच: कमान आणि आस यांची थेट गाठ.

पण एकाच जाड पट्टीऐवजी पाट्यांचा जुडगा का? मला या कुळातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. एक जाड पट्टी घ्या आणि तिच्याच रुंदीचे, पण जाडी चौथाई असलेले चार पाटे एकावर एक ठेवा. लोखंड तेवढंच. पाटे एकमेकांवर मोकळे सरकू दिले तर जुडगा मूळ पट्टीच्या सोळा पट लवचीक होतो, कारण वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. वजन पेलायची ताकद मात्र सोळाव्या हिश्शावर न येता चौथाईवरच थांबते. म्हणजे मोडण्याआधी जुडगा चौपट वाकू शकतो. ताकद कमी पडली तर आणखी पाटे घालायचे. प्रत्येक पाटा आपल्या वाटणीचा भार उचलतो आणि मोडायच्या आधीचा वाक तेवढाच राहतो.

सगळ्यांची लांबी सारखी नसते, त्यालाही कारण आहे. वजनानं येणारा ताण मध्यावर, आसाच्या जागी, सर्वांत जास्त असतो आणि टोकांकडे कमी होत जातो. म्हणून मध्यावर पाटे जास्त आणि टोकाला एकच. तो सर्वांत लांब, दोन्ही टोकांना गोल वळवून नळी केलेला मुख्य पाटा. बुश त्याच्याच नळीत बसतो, ब्रेकची ओढ आणि वळणावरचा रेटाही त्यालाच सोसावा लागतो. जुन्या कारागिरांनी त्याच्यासाठी आणखी एक सोय केली. आखूड पाट्यांना मुद्दाम थोडा जास्त वाक द्यायचा. जुडगा जुळवताना त्यांच्यात फट दिसते, मधला बोल्ट आवळला की ती मिटते, आणि मुख्य पाट्यावरचा ताण वजन येण्याआधीच काहीसा उतरलेला असतो. हे ज्ञान आधी हातात होतं, कागदावर नंतर आलं. एदुआर फिलिप्स या फ्रेंच अभियंत्यानं रेल्वेच्या पोलादी कमानींचं गणित 1852 मध्ये मांडलं. तोवर कमानी रुळांवर येऊन बरीच वर्षं झाली होती. स्टीफन्सनच्या 1829 च्या 'रॉकेट' इंजिनाखालीही पाट्यांच्याच कमानी होत्या.

पाटे एकमेकांवर सरकतात तेव्हा घासतात, आणि त्या घर्षणानं उसळी शांत होते. त्यामुळे साध्या ट्रेलरला वेगळा शॉकॲब्सॉर्बर लागत नाही. भार उचलणं, आस धरणं, उसळी शमवणं ही तिन्ही कामं एकाच जुडग्यात होतात. गुंडाळीच्या स्प्रिंगेला यातलं पहिलं तेवढं जमतं. बाकीच्यांसाठी तिला दांडे आणि नळकांडी जोडावी लागतात. कमान टिकली ती या एकत्र कुटुंबामुळे.

शॅकलकडे कुणी लक्ष देत नाही, पण तिच्याविना हे कुटुंब चालत नाही. धनुष्य ओढलं की त्याची टोकं जवळ येतात. गाडीची कमान वजनानं दबली की सपाट होते आणि तिची टोकं लांब जातात. दोन्ही टोकं चौकटीला पक्की केली तर तिला पसरायला जागाच उरणार नाही. म्हणून पुढचं टोक बोल्टवर पक्कं आणि मागचं शॅकलवर झुलतं. काही ट्रेलरांत शॅकल वगळून मागचं टोक खोबणीत नुसतं सरकू देतात. त्यात गंजायला सुटे भाग कमी, खडखडाट मात्र जास्त. मला स्वतःला शॅकलच पसंत आहे.

अमेरिकेत हेन्री फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये आली. तिच्यात पुढे एक आणि मागे एक अशा आडव्या कमानी होत्या. 1927 पर्यंत त्या मोटारी दीड कोटींहून जास्त बनल्या, आणि मोडीत निघाल्यावर लोकांनी त्यांचे आस आणि कमानी काढून शेतमालाचे, लाकडाचे घरगुती ट्रेलर बांधले. 1909 मध्ये ओली एव्हिनरुड यानं नावेच्या पाठीवर अडकवायचं इंजिन विकायला काढलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमच्या आणि फायबरग्लासच्या हलक्या नावा आल्या, रस्ते सुधारले, आणि नाव धक्क्यावर बांधून न ठेवता अंगणात ठेवायची, रविवारी तळ्यावर न्यायची अशी रीत पडली. घोड्याच्या गाडीसाठी घडलेली कमान अशी नावेखाली आली.

इथे तिच्यापुढे एक नवाच शत्रू उभा राहिला. कुठल्याही टांग्याला किंवा ट्रकला रोज पाण्यात बुडवत नाहीत. नावेचा ट्रेलर उताराच्या धक्क्यावरून थेट पाण्यात घालतात. खारं पाणी दोन पाट्यांच्या केसाएवढ्या फटीत ओढलं जातं आणि तिथेच राहतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पाटे फुगून एकमेकांपासून सुटतात. ज्या सरकण्यावर सगळं उभं आहे, तेच बंद पडतं. जस्ताचा मुलामा देतात, पण पाटे जिथे घासतात तिथून तोच आधी निघून जातो. चाकाच्या तापलेल्या हबचंही तसंच: तो गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते, मग बेअरिंगची वाट लागते.

म्हणून नवी कमान बसवताना या पूर्वजांची आठवण ठेवून काम करावं. जुडग्याच्या मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीवरच्या भोकात नीट बसलंय ना, हे बोटानं चाचपून पाहावं. आस पुढेमागे सरकू न देणारी खुंटी तीच आहे. नळीच्या ॲक्सलला किंचित बाक दिलेला असेल तर तो वरच्या बाजूला ठेवावा. यू-बोल्टचे नट आडव्या-तिडव्या क्रमानं, थोडे थोडे आवळावेत. टोकांचे बोल्ट मात्र शॅकल अडकून बसेल इतके आवळू नयेत, तिला झुलता आलंच पाहिजे. जोडणीच्या गोळ्यापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर टेपनं मोजावं. ते सारखं नसेल तर ट्रेलर रस्त्यावर तिरका चालतो आणि टायर खातो. आस नावेच्या भारमध्याच्या जरा मागे हवा, म्हणजे एकूण वजनाचे 5 ते 10 टक्के जोडणीवर पडतात. याहून कमी पडले तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो. पहिल्या फेरीनंतर पाटे आणि बैठक एकमेकांत बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. ते पुन्हा आवळायला विसरू नये. आणि खाऱ्या पाण्यातून आलेला ट्रेलर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं, पाट्यांच्या फटीत धार सोडून धुवावा.

आता रबराच्या पिळावर चालणारे ॲक्सल आले आहेत. 1981 पासून शेव्हरोले कॉर्वेटमध्ये फायबरग्लासची आडवी कमानही वापरली गेली. ट्रकखालचे पाटे मात्र पोलादाचेच, बहुधा सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे.

असा पाटा थकला की आपल्याकडे तो भंगारात फार दिवस पडून राहत नाही. गावोगाव फिरणारे घिसाडी आणि गावातले लोहार तो हौसेनं घेतात, कारण बाजारातल्या साध्या पट्टीपेक्षा त्याची धार जास्त टिकते. ऊसतोडीच्या हंगामाआधी त्याचे कोयते होतात, विळे आणि कुऱ्हाडी होतात. भट्टीत लाल झालेला पाटा ऐरणीवर आला की लोहार पहिल्याच घावांत त्याचा वाक काढून टाकतो.