कमवाले

भंडाऱ्याकडे धानाची रोवणी होते. कोकणात तीच लावणी. ‘रोपण’मधल्या ‘प’चा प्राकृतात ‘व’ झाला, त्यातून ‘रोवणे’. धान घरात आले की ज्यांच्या बांधीला उन्हाळी पाणी नाही, ते ‘कमवाले’ निघतात. (हा ‘ले’ म्हणजे पुण्याकडचा ‘ला’.) कुणी नागपूरला बांधकामावर, कुणी तेलंगणात मिरची तोडाले.

कागदोपत्री हे ‘स्थलांतर’. मला तो शब्द इथे ढगळ वाटतो. त्यातल्या ‘अंतरा’चा मैलांशी संबंध नाही, ‘रूपांतर’, ‘भाषांतर’ यांतल्यासारखा त्याचा अर्थ ‘दुसरा’. मिरचीला गेलेला माणूस मात्र दुसरी जागा धरत नाही. पावसाआधी त्याला पऱ्हे (धानाची रोपे) टाकायला घरी यायचेच असते. ‘कमवाले’मध्ये जागेचा उल्लेखच नाही. ‘कर्म’चे ‘कम्म’ झाले, त्यातूनच ‘काम’ आणि ‘कमावणे’. मिळकतीचा अर्थ नंतरचा. मुळात नुसते राबणे. कातडे कमावतात, शरीर कमावतात, तिथे तो जुना अर्थ अजून शाबूत आहे.

‘मजूर’ स्वतःच सीमा ओलांडून आलेला. फारसीत ‘मुज्द’ म्हणजे मेहनताना, तो घेणारा ‘मुज्दूर’. वेदात ‘मीढ’ म्हणजे जिंकलेले धन, बक्षीस. दोन्हींचे मूळ एकच. इकडचा भाऊ पोथीत राहिला, इराणातला राबायला आला! ‘मुकादम’ अरबी, ‘पुढे ठेवलेला’. ‘कदम’ही त्याच धातूचा. उचल देऊन टोळी बांधतो तो हाच.

राहिला ‘परप्रांत’. १९५६च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत भंडारा, बालाघाट, दुर्ग एकाच मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबरला भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट परप्रांत ठरला. १ मे १९९९ला गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा पूर्वेची राज्यसीमाही भंडाऱ्यापासून सुटली.

१९७९च्या ‘आंतरराज्य स्थलांतरित कामगार’ कायद्याच्या नावात तर दोन ‘अंतर’ शेजारी बसले आहेत, आणि ते एक नव्हेत. ‘स्थलांतरित’मधला ‘दुसरा’ सांगणारा; ‘आंतर’ आला तो ‘अंतर्’ वरून, म्हणजे ‘मधला’. कायद्याची सारी मदार या ‘आंतर’वर होती. ठेकेदाराने भंडाऱ्यातल्या तुमसरचे मजूर बावनथडी नदीपलीकडे बालाघाटातल्या कटंगीला नेले तर हा कायदा लागू व्हायचा. तेच मजूर त्याने नागपूरला नेले, तर नाही व्हायचा.