खानदेशातील परसातले कारले : लागवड, औषधी परंपरा आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना :
खानदेशच्या कृषिइतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापूस, ज्वारी आणि केळी या पिकांभोवती झालेले आहे. १९०६ साली ब्रिटिश प्रशासनाने खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन केले. आजचे जळगाव व धुळे जिल्हे त्यातूनच आकारास आले असून १९९८ मध्ये धुळ्यापासून नंदुरबार वेगळा झाला. या प्रदेशात घरामागील परसात मांडवावर वा कुडाच्या कुंपणावर चढणारा कारल्याचा वेल सर्वपरिचित आहे. तथापि, इतिहासलेखनात त्याला स्थान मिळालेले नाही. हा वेल कोणी वाढविला, कशासाठी वाढविला आणि त्याची नोंद कोठे सापडते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :
१. परसातील भाजीपाल्याविषयी शासकीय साधने मौन का बाळगतात, याचा शोध घेणे.
२. लोकगीताचे ऐतिहासिक साधन म्हणून मूल्यमापन करणे.
३. कारल्याच्या औषधी उपयोगाचा बदलता अर्थ तपासणे.

शासकीय साधनांतील मौन :
१८८० साली प्रसिद्ध झालेले खानदेश गॅझेटियर हे या प्रदेशाच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन होय. मात्र त्यातील शेतीविषयक विवेचनाचा भर सारा देणाऱ्या जमिनीवर व बाजारात जाणाऱ्या पिकांवर आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाला आलेली तेजी आणि त्याच दशकात आलेली रेल्वे यांमुळे प्रशासनाचे लक्ष कापसावर केंद्रित होणे स्वाभाविक होते. रयतवारी पद्धतीत शेतसारा सर्व्हे नंबरनुसार शेतजमिनीवर आकारला जाई. गावठाणातील घराची जागा सर्वसाधारणपणे त्याबाहेर राही. परिणामी परसातील वेल कागदोपत्री आलाच नाही.

हाच भेद पाण्याच्या बाबतीतही दिसतो. पांझरा नदीवरील फड पद्धतीत बंधारे, पाट व पाण्याच्या पाळ्या यांची सामूहिक व्यवस्था होती आणि तिचा अभ्यासही पुष्कळ झाला आहे. परसातील वेल मात्र न्हाणीच्या व भांडी घासण्याच्या सांडपाण्यावर वाढत असे. त्या पाण्याला पाळी नव्हती, पाटकरी नव्हता. म्हणून नोंदही नव्हती.

लोकगीत : श्रमाची नोंद :
भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडल्याशी नाते सांगणाऱ्या या परंपरेत कारल्याच्या वेलाचे गाणे प्रसिद्ध आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू तिला आधी कारल्याचे बी लावण्यास सांगते. मग वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी होऊ दे, अशी तिची माहेरची वाट पायरीपायरीने लांबत जाते. गाण्याचे पाठभेद अनेक असले तरी हा क्रम सर्वत्र आढळतो.

या क्रमाकडे शेतीच्या दृष्टीने पाहिल्यास तो वास्तवाला धरून असल्याचे दिसते. कारल्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने त्या पाण्यात भिजवून लावतात. वेलाला आधार लागतो. एकाच वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी येतात आणि त्यांतही नर फुले आधी उमलतात. मधमाश्यांमार्फत परागीभवन झाल्यावर फळ धरते. बी लावल्यापासून पहिली तोडणी होईपर्यंत साधारण दोन महिने जातात. सासूची अट म्हणजे किमान दोन महिन्यांचा विलंब होय. जून-जुलैमध्ये लावलेला वेल भुलाबाईच्या दिवसांत फळांवर असतो, हेही येथे लक्षणीय आहे.

मौखिक गीताचा काळ निश्चित करता येत नाही, ही त्याची मर्यादा मान्य केलीच पाहिजे. परंतु परसातील लागवड हे सुनेचे काम होते आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात तिला केवळ आश्वासन मिळत असे, ही माहिती महसुली कागदपत्रे देत नाहीत. ती गीत देते.

औषधी उपयोग : बदलता अर्थ :
सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात कारवेल्ल (मोठे) व कारवेल्ली (लहान) असे दोन प्रकार नोंदविले आहेत. कारले शीत, लघु, तिक्त व भेदक असून ज्वर, पित्त, कफ, रक्तविकार, पांडू, मेह आणि कृमी यांवर उपयुक्त असल्याचे त्यात सांगितले आहे. येथे ज्वराचा उल्लेख आरंभी येतो, मेहाचा नंतर. पश्चिम खानदेशचा जंगलपट्टा हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. अशा प्रदेशात ज्वर व जंत यांवरील घरगुती उपायांत कडू भाजीला मान मिळणे समजण्यासारखे आहे.

आज मात्र कारल्याचे नाव घेताच मधुमेह आठवतो. आयुर्वेदातील प्रमेहाचे वीस प्रकार असून मधुमेह हा त्यांपैकी एक आहे. त्यामुळे 'मेह' या शब्दाचा अर्थ सरसकट आधुनिक मधुमेह असा घेणे कालविपर्यासाचे ठरते. १९८१ मध्ये जयपूर येथील संशोधकांनी कारल्यातून इन्सुलिनसदृश प्रथिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. तथापि, कॉक्रेनच्या २०१२ च्या आढाव्यात टाईप-२ मधुमेहावरील कारल्याच्या उपयुक्ततेबाबत पुरावा अपुरा असल्याचे नमूद आहे. म्हणून जुन्या ग्रंथाच्या आधारावर औषध बंद करून रसावर विसंबणे धोक्याचे आहे. औषधासोबत रस घेतल्यास रक्तातील साखर अतिरिक्त प्रमाणात उतरण्याचाही संभव असतो. भाजी म्हणून कारल्याचे आहारातील स्थान मात्र यामुळे उणे होत नाही.

निष्कर्ष :
परसातील कारल्याचा इतिहास एका साधनावरून लिहिता येत नाही. निघंटू गुण सांगतो, गॅझेटियरचे मौन राज्यकर्त्यांची दृष्टी सांगते आणि गीत राबणाऱ्या हातांची ओळख देते. खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी भुलाबाईच्या गाण्यांचे पाठ स्थळ व वर्षासह संकलित केल्यास स्त्रियांच्या अनोंदित श्रमाचे आणि ज्ञानाचे एक मोलाचे दालन अभ्यासकांस खुले होईल. ही गाणी मुखोद्गत असलेली पिढी वयोवृद्ध होत असल्याने हे कार्य लांबणीवर टाकणे योग्य नव्हे.