नरडाण्याची नळी

गेल्या वैशाखात नरडाण्याजवळच्या एका गावातून माझ्या ओळखीचा तरुण शेतकरी घरी आला. धाब्याचे जुने घर पाडून तिथे स्लॅबचे घर बांधायचे काम चालू होते. मातीच्या दोन हात जाड भिंतीतून एक लांब लोखंडी नळी निघाली होती. गोणपाटात गुंडाळून, मोटारसायकलला बांधून त्याने ती आणली. म्हणाला, "नाना, हाई काय शे, देखा बरं. घिसाडीले देसू, पहार व्हई जाई."

मी नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि पहिले वाक्य बोललो ते एवढेच, "आधी ही विस्तवापासून लांब ठेव."

नळी साडेतीन फूट लांब होती आणि वजन तीन किलोंच्या वर. मागचे तोंड बंद. त्या बंद टोकाजवळ उजव्या कुशीला एक बारीक छिद्र आणि छिद्राच्या तोंडाशी चमच्यासारखी खोलगट वाटी. जुन्या मराठीत या जागेला बंदुकीचा कान म्हणत. वाटीत घालायच्या बारीक दारूला रंजक म्हणत. म्हणजे ही तोड्याची बंदूक. तिचा लाकडी दस्ता भिंतीतच वाळवीने खाल्ला असणार. खोबरेल तेलाचे बोट फिरवल्यावर गंजाखाली तिरप्या रेघा दिसल्या. तापवलेली लोखंडी पट्टी पीळ देत गुंडाळायची आणि सांधे ठोकून एकजीव करायचे, अशा तऱ्हेने घडवलेल्या नळीवर अशा रेघा राहतात. हे काम कारखान्याचे नव्हे, भात्यासमोर बसलेल्या लोहाराचे.

मग मी बांबूची कामटी आत सरकवली, तोंडाशी खूण केली आणि तीच कामटी बाहेरून नळीला लावून मोजली. कामटी कानापर्यंत जायला हवी होती. ती चार बोटे अलीकडेच अडली होती. आत माती असेल, कुंभारीण माशीचे घर असेल किंवा बार असेल. बंद नळीत कोरडी राहिलेली काळी दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. ही नळी घिसाड्याच्या भट्टीत गेली असती तर काय झाले असते, हे त्या पोराला समजावून सांगितले तेव्हा तो खाली बसला.

या बंदुकीला ठासणीची का म्हणतात, ते नव्या वाचकासाठी सांगतो. काडतूस मागून घालायची सोय येण्यापूर्वी सगळेच तोंडाकडून भरावे लागे. आधी दारू ओतायची, मग चिंधी आणि गोळी घालून गजाने ठासायची. कानाच्या वाटीत रंजक घालायची. सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी म्हणजे तोडा. तो एका टोकाला धुमसत असे. चाप ओढला की तोडा रंजकेवर टेकायचा, तिची ज्वाळा कानातून आत जायची आणि बार उडायचा. रंजक नुसतीच भुर्रकन जळून गेली आणि आतली दारू पेटलीच नाही, तर बार फुसका. पुढे तोड्याच्या जागी चकमक आली आणि एकोणिसाव्या शतकात तांब्याची टोपी आली. पेटवण्याची तऱ्हा बदलली, ठासणे मात्र तेच राहिले.

नरडाणे मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. उत्तरेला तापी ओलांडली की शिरपूर, आणि पुढे सातपुड्यात चढणारा सेंधव्याचा घाट. 1818 मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला, पण डोंगर गेला नव्हता. 1825 मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांना कवायत आणि कंपनीची बंदूक शिकवून त्यांच्याच भाऊबंदांवर बंदोबस्त ठेवायचा, असा तो हिशेब होता. घाटाची राखणही भिल्ल नाईकांकडेच होती. त्यांतलाच खाज्या नाईक 1857 मध्ये उलटला. त्या नोव्हेंबरात याच रस्त्याने इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. 11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली. भिल्लांकडे तिरकमठे आणि तोड्याच्या बंदुका होत्या. लढाईनंतर पकडलेल्यांपैकी अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या नाईक 1860 मध्ये मारला गेला.

कंपनीच्या लष्करातली तेव्हाची नवी एनफिल्ड रायफल हीसुद्धा ठासणीचीच होती. फरक नळीच्या आत होता. एनफिल्डच्या नळीत पीळदार आटे होते, त्यामुळे गोळी फिरत जायची आणि लांबवर नेमकी लागायची. तिच्याच काडतुसांवरून 1857 चा भडका उडाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. उठाव शमल्यावर देशी पलटणींसाठी एनफिल्डसारखीच दिसणारी, पण आटे नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक काढली गेली. शिपायाच्या हातात बंदूक राहिली, नेम काढून घेतला.

रयतेच्या बाबतीत कायद्याने हेच केले. 1857 मध्येच हत्यारे आणि दारूगोळा बनवण्या-विकण्यावर निर्बंध आले. 1860 मध्ये ते अधिक घट्ट झाले. 1878 च्या हत्यार कायद्याने परवान्याची पद्धत देशभर पक्की केली. बंदुकी काढून घेतल्याचे आपण इतिहासात वाचतो. पण बंदुकीबरोबर तिची विद्याही गेली. नळी वळवणारा लोहार नांगराचे फाळ ठोकू लागला. हत्यारांना पाणी देणारा शिकलगार विळ्या-कात्र्यांना धार लावू लागला. ही विद्या नव्या यंत्राने मारली असे आपण समजतो. काडतुसी बंदूक आलीच, तिने या धंद्यावर घाव घातलाच असता. पण आपल्याकडे कायदा तिच्या आधी पोचला.

पुढे मोठी गंमत झाली. स्वतंत्र भारताचा 1959 चा शस्त्र कायदा उघडून तेरावे कलम पाहा. शेताच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, अशी त्यात नाव घेऊन तरतूद आहे. शंभर वर्षांपूर्वी जिच्या धास्तीने मुलूख निःशस्त्र केला, ती आता गोफणीच्या रांगेत येऊन बसली. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणाचे असे परवाने आजही आहेत आणि निवडणूक आली की बंदुका पोलिसांत जमा कराव्या लागतात. इकडे आमच्या शेतात रोही आणि रानडुकरे आहेतच. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने परवानगीशिवाय त्यांना मारणे गुन्हा आहे. बार काढायचा तो आवाजापुरता.

त्याच कायद्याचे पंचेचाळिसावे कलम मी त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा वाचले. जुन्या घाटणीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके हत्यार कायद्यातून सुटते, पण एका अटीवर. दुरुस्त करूनही ते चालता कामा नये. आणि पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणे जसा गुन्हा, तसे दुरुस्त करणेही. खरे सांगतो, नळी पाहून माझे हात शिवशिवले होते. शिसवीचा दस्ता करावा, चाप बसवावा, एकदा तरी पोकळ बार काढून पाहावा, असे मनात आले होते. तो मोह कायद्याने आणि आतल्या चार बोटांनी, दोघांनी मिळून मोडला.

जगात हा छंद राजरोस चालतो. अमेरिकेत ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना 1933 पासून आहे. 1968 चा तिथला केंद्रीय कायदा अशा जुन्या बंदुकीला बंदूकच मानत नाही. तो देश आपल्या कामाचा नाही, तिथे बंदुकीचा सुकाळ आहे. मला जपानचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. जपानचे बंदुकीचे कायदे जगात अत्यंत कडक आहेत. पण 1543 मध्ये पोर्तुगिजांबरोबर तानेगाशिमा बेटावर उतरलेली तोड्याची बंदूक तिथे जिवंत आहे. अशा जुन्या बंदुकीची नोंद तिथे प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे होते, कलावस्तू म्हणून. उत्सवात चिलखत घातलेली माणसे तिचे बार काढतात. ठासणीच्या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका प्रकाराचे नावच तानेगाशिमा आहे. सैल कायदा मला नको आहे. पण मोडकळ आणि गुन्हा यांच्यामध्ये एक तिसरे खाते असू शकते, एवढे त्यावरून दिसते.

आम्ही नळी पोलिसांत कळवली. त्या पोराच्या घरचे घाबरले होते, "उगा झंझट." पण भरलेली असू शकणारी नळी भंगारात देणे म्हणजे झंझट दुसऱ्याच्या पोराच्या माथी मारणे. पंचांसमक्ष, एका परवानाधारक वृद्ध कारागिराने कानातून पाणी सोडून ती दोन दिवस भिजत ठेवली. मग वरून माती निघाली, तिच्याखाली चिंधीचा बोळा, शिशाची एक गोळी आणि शेवटी काळा चिखल. नळी भरलेली होती.

चोरासाठी भरलेली बंदूक माणूस उशाशी ठेवतो, भिंतीत चिणत नाही. ती ज्याने चिणली त्याला चोरापेक्षा झडतीचे भय जास्त असावे, आणि पुन्हा कधी तरी लागेल अशी आशाही असावी. नाहीतर बार काढून टाकला असता.

राजवाड्यांनी आपल्याला कागद जपायला शिकवले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ 1927 पासून धुळ्यात आहे. तसे लोखंडही वाचायला शिकायला हवे. पंचनामा लिहिताना हवालदारांनी लिहिले होते, "जुनी लोखंडी नळी, एक नग." मी विनंती केली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग ओळीच्या वर बारीक अक्षरात भर घातली आणि शेजारी सही केली. आता त्या कागदावर आहे : "तोड्याच्या बंदुकीची जुनी लोखंडी नळी, भरलेली, एक नग."