कात्री कुणाच्या हुकुमाने चालते?

प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, लाखो तऱ्हेची असतात. मग त्यांची जनुकं मावतात कुठे, इथे आपण मागच्या वेळी थांबलो होतो. १९६५ साली ड्रेयर आणि बेनेट यांनी सुचवलं, की एका साखळीसाठी दोन जनुकं जवळ येत असावीत. हे पटणं अवघड होतं. पेशीतला डीएनए जन्मभर जसाच्या तसा राहतो, असंच तेव्हा धरलेलं.

१९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला होझुमी आणि तोनेगावा यांनी उंदराच्या गर्भाचा डीएनए आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या गाठीतला डीएनए एकाच एन्झाइमने कापून ताडून पाहिला. गर्भात हलक्या साखळीचे दोन भाग वेगवेगळ्या तुकड्यांवर, गाठीत मात्र एकाच! पेशीने वाढता वाढता स्वतःचाच डीएनए कापून जोडला होता. तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं.

कात्रीही सापडली. १९८९ मध्ये रॅग-१, पुढच्याच वर्षी रॅग-२. पण तिला 'चालव' आणि 'थांब' कोण म्हणतं? आपल्या दृष्टीने खरी गंमत इथून पुढे आहे.

अस्थिमज्जेतल्या आधारपेशी इंटरल्यूकिन-७ नावाचा संदेश सोडतात. १९८८ मध्ये तो सापडला तो बी-पेशींच्या पूर्वजांना वाढवणारा घटक म्हणून. म्हणजे नुसतं खतपाणी. १९९८ मध्ये दिसलं, की हा संदेश घेताच न येणाऱ्या उंदरांत जड साखळीचे दूरवरचे तुकडे नीट जोडलेच जात नाहीत. म्हणजे खतपाण्याचा हात थेट जनुकापर्यंत पोचत होता! हलक्या साखळीचं उलटंच: संदेश जोरात असेतो पेशी विभागत राहते, ते जनुक बंद. संदेश ओसरला, की जड साखळीच्या 'मी तयार आहे' या इशाऱ्यावर ते उघडतं.

एवढा बंदोबस्त कशाला? विभागणी चालू असताना डीएनए कापणं म्हणजे धावत्या गाडीचं चाक बदलणं. म्हणून डीएनएची नक्कल सुरू होताना पेशी रॅग-२ मोडूनच टाकते. तरीही चूक होते. फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेकदा गुणसूत्र १४ आणि १८ चे तुकडे चुकीचे जुळलेले असतात, आणि मरायला हवी ती पेशी मरत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवू, हे सगळं उंदरांचं झालं. ज्या बाळांत इंटरल्यूकिन-७ चा ग्राहक जन्मतःच निकामी असतो, त्यांच्यात टी-पेशी जवळजवळ नसतात. बी-पेशी मात्र असतात.