माणदेशातले ‘जगायला जाणे’

प्रमाण मराठीत ‘जगणे’ हे अकर्मक क्रियापद बहुधा स्थिती सांगते. माणूस ऐंशी वर्षे जगतो, लावलेले रोप जगते, आणि ‘जगलो वाचलो तर भेटू’ या बोलण्यात त्याच क्रियापदाला संकटातून तगून राहण्याचा अर्थ येतो. आटपाडी आणि आसपासच्या माणदेशात मात्र त्याचा आणखी एक प्रयोग रुळलेला आहे. ‘पाऊस नाही, माणसं जगायला गेली’ असे तेथे म्हटले जाते. ‘-आयला’ हा प्रत्यय हेतू दाखवतो. खुरपायला किंवा जत्रा बघायला जावे तसे येथे जगायला जावे लागते, म्हणजे जगणे हे काम ठरते आणि ते गावात राहून होत नाही. ‘देशोधडीला लागणे’ किंवा ‘परागंदा होणे’ यांत परतीची वाट धरलेली नसते. ‘जगायला जाणे’ यात ती असते, कारण घर, शेत आणि कुलदैवत मागेच राहिलेले असते.

या प्रयोगामागे भूगोल आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडणाऱ्या या मुलखातून वाहणारी माणगंगा वर्षातला बराच काळ कोरडी असते, आणि मुरमाड जमिनीत बाजरी-ज्वारीचे पीक दोन-तीन पावसांच्या भरवशावर उभे राहते. 1876–78, 1896–97, 1899–1900 आणि 1972–73 या मोठ्या दुष्काळांनी दख्खनचा हा पट्टा वारंवार उघडा पाडला. आटपाडी हा 1948 पर्यंत औंध संस्थानाचा, म्हणजे पंतप्रतिनिधींच्या राज्याचा, विलग पडलेला महाल होता. पण राज्य कोणाचेही असले तरी पावसाने दगा दिला की बिऱ्हाड पाठीवर टाकून कृष्णाकाठच्या बागायतीकडे किंवा मुंबईकडे निघण्याखेरीज पर्याय फारसा उरत नसे. याच माणदेशात वाढलेल्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) दुष्काळाने अख्खी वाडी ओस पडते, ती कल्पनेतली अतिशयोक्ती नव्हे.

‘जगणे’चे प्रयोजक रूप ‘जगवणे’ हे येथे प्रामुख्याने जनावरांसाठी वापरले जाते. खिलार, म्हणजे पांढऱ्या रंगाची, लांब शिंगांची, चपळ आणि कडक उन्हाला टिकणारी गोवंशाची जात, ही या मुलखाची खरी पुंजी. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत तिचा मोठा बाजार भरतो. त्यामुळे ‘बैल जगवला’ या दोन शब्दांत, कडब्यासाठी काय काय विकावे लागले याचा हिशेब न सांगता कळतो. दुष्काळात सुरू होणाऱ्या चारा छावण्यांमुळे हे क्रियापद पुढे सरकारी कागदांच्या आसपासही वावरू लागले, हे विशेष.

स्पॅनिश भाषेत उदरनिर्वाहासाठी ‘गानार्से ला बिदा’ म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ ‘आपले जीवन कमावणे’ असा होतो. तेथे जीवन ही कमाईची वस्तू आहे; माणदेशी प्रयोगात ते दुसऱ्या मुलखात गाठायचे ठिकाण आहे. हा भेद भाषेच्या स्वभावाचा म्हणण्यापेक्षा पावसाचा म्हणणे अधिक योग्य.

विसाव्या शतकात खानापूर-आटपाडीच्या अनेक कुटुंबांनी गलाईचा धंदा धरला. जुने सोने-चांदी मुशीत वितळवून, तेजाबाने त्यातले हीण काढून शुद्ध धातू वेगळा करायचा, असा हा व्यवसाय; त्याने येथील तरुण केरळपासून पंजाबपर्यंत पोचले. सुरुवातीला तेही जगायलाच निघाले होते, परंतु दुकान थाटले, मुले तिकडच्या शाळेत गेली, आणि गावाकडे यात्रेपुरते येणे उरले; क्रियापदात गृहीत असलेली परत येण्याची अट येथे सैल झाली.

याउलट 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याची, बंडिंगची आणि पाझर तलावांची सरकारी कामे जवळपास निघाल्याने पुष्कळांना गाव सोडावे लागले नाही. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमीची कल्पना पुढे 1977 च्या कायद्यात उतरली. 1993 साली आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी संघर्ष परिषद भरली, तेव्हा मागणी कृष्णेच्या पाण्याची होती. टेंभू उपसा योजनेने ते पाणी आता या तालुक्यात पोचले आहे आणि त्यावर डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत.

बहात्तरचा दुष्काळ जाणतेपणी पाहिलेली पिढी आता सत्तरीपलीकडे आहे. माणदेशी बोलीचा कोश करू पाहणाऱ्यांनी ‘जगायला जाणे’ची स्वतंत्र नोंद, कोण कोठे गेले आणि कधी परतले या तपशिलासह, त्यांच्याकडून आताच करून घ्यावी.