इतिहासशिक्षकाची सनद

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत माझी एक जुनी विद्यार्थिनी शिफारसपत्र मागावयास घरीं आली होती. येथें इतिहास घेऊन बी. ए. झालेली, लग्नानंतर न्यू यॉर्क राज्यांत स्थायिक झालेली. तेथील सरकारी शाळेंत ‘सोशल स्टडीज’ म्हणजे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र व अर्थशास्त्र यांचा मिळून होणारा सामाजिक अभ्यास शिकवावा, अशी तिची इच्छा. परंतु त्यासाठीं पुन्हा विद्यापीठांत जाऊन पदव्युत्तर पदवी घ्यावयाची, राज्याच्या परीक्षा द्यावयाच्या आणि अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखालीं वर्गापुढें उभें राहावयाचें. तेव्हां कोठें सनद हातीं पडणार! “सर, इतिहास तर तुम्हींच शिकविला होता, मग हा खटाटोप कशासाठीं?” असें तिनें हंसत विचारलें. पत्र मीं लिहून दिलें. उत्तर मात्र त्या वेळीं देतां आलें नाहीं. तें शोधावयाचें तर ह्या सनदेचा इतिहासच चाळला पाहिजे.

अमेरिकेंत पूर्वी शिक्षकाची पारख गांवची समिति करीत असे. त्याला लिहितां-वाचतां व हिशेब करतां येतो आणि त्याचें वर्तन नीट आहे, एवढ्यावर काम भागे. १८३७ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षणमंडळाचे चिटणीस झालेल्या होरेस मॅन यांनीं ही स्थिति पालटण्याचें मनावर घेतलें. त्यांच्या खटपटीनें ३ जुलै १८३९ रोजीं लेक्झिंग्टन येथें राज्याच्या आश्रयाखालील पहिली ‘नॉर्मल स्कूल’ उघडली. पहिल्या दिवशीं दाखल झाल्या अवघ्या तीन मुली! तथापि हें सर्व प्राथमिक शाळांपुरतें होतें. हायस्कुलांतील शिक्षक बहुधा कॉलेजांतून येई, आणि ज्याला विषय येतो त्याला तो शिकवितांही येतोच, असा समज होता. हा समज आपल्याकडे अद्यापि जिवंत आहे, आणि प्रस्तुत लेखक त्याचाच आश्रित आहे. न्यू यॉर्क येथें १८८७ सालीं निघालेल्या व पुढें ‘टीचर्स कॉलेज’ या नांवानें कोलंबिया विद्यापीठाशीं जोडल्या गेलेल्या संस्थेनें त्याला धक्का दिला. अध्यापन हाही विद्यापीठांत अभ्यासण्याजोगा विषय आहे, अशी तिची प्रतिज्ञा होती.

येथून दोन पक्षांचा झगडा सुरू होतो. पहिला इतिहासकारांचा. १८९२ च्या डिसेंबरांत मॅडिसन येथें त्यांची एक परिषद भरली. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन व इतिहासकार जेम्स हार्वे रॉबिन्सन हे तिचे सभासद होते. पाठ्यपुस्तकांतील धडे घोकून घेणें म्हणजे इतिहास शिकविणें नव्हे, असें या पक्षाचें म्हणणें. दुसरा पक्ष शिक्षणशास्त्र्यांचा. १९१६ सालीं थॉमस जेसी जोन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें आपला अहवाल दिला आणि ‘सोशल स्टडीज’ हें नांव शाळांत रूढ केलें. विषयासाठीं विषय नको, चांगला नागरिक घडविणें हें ध्येय ठेवा, असा तिचा इत्यर्थ. मौज अशी कीं, रॉबिन्सन ह्याही समितींत होते! त्याच सुमारास, १९१३ ते १९१६ या काळांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियांत शिकत होते, आणि पुढें त्यांनीं आपल्या थोर गुरूंत जॉन ड्यूई यांच्याबरोबर या रॉबिन्सनांचेंही नांव घेतलें आहे.

विषय मोठा कीं पद्धति मोठी, हा वाद दोन सवतींच्या भांडणासारखा चालत राहिला. हार्वर्डचे अध्यक्ष कोनंट यांनीं १९३६ सालीं दोघींना एका घरांत नांदविण्यासाठीं अध्यापनाची स्वतंत्र एम्. ए. पदवी काढली. पुढें १९६३ सालीं याच गृहस्थांनीं लिहिलें कीं, राज्यानें अभ्यासक्रमांचे तास मोजीत बसूं नये. उमेदवारानें देखरेखीखालीं प्रत्यक्ष वर्गांत शिकवून दाखविलें कीं नाहीं, हें पाहावें. राज्यांनीं मात्र पदवी, परीक्षा व पाठ यांचा आग्रह सोडला नाहीं. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू यॉर्क राज्यानें घातलेल्या व्यवस्थेंतही प्रारंभिक सनदेनंतरच्या कायम सनदेसाठीं पदव्युत्तर पदवी व तीन वर्षांचा अनुभव मागितला होता.

पण पदवीनें शिक्षक घडतो काय? या प्रश्नाशीं मला कार्टर वुडसन यांचें चरित्र आठवतें. गुलामगिरींतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा. कोळशाच्या खाणींत राबला, आणि वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास हायस्कुलांत दाखल झाला. १९०८ सालीं शिकागोची एम्. ए. झाली; पुढें वॉशिंग्टनच्या हायस्कुलांत शिकवितां शिकवितां १९१२ सालीं हार्वर्डची डॉक्टरेटही मिळविली. इतक्या पदव्या घेऊन हा शिक्षक वर्गांत उभा राहिला तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, पुस्तकांतील इतिहासांत समोरच्या मुलांच्या पूर्वजांना जागाच नाहीं. १९१५ सालीं त्यांनीं आपल्या लोकांच्या इतिहाससंशोधनासाठीं संस्था काढली, १९१६ सालीं नियतकालिक, १९२६ सालीं शाळाशाळांतून पाळावयाचा इतिहाससप्ताह, आणि १९३७ सालीं खास शिक्षकांसाठीं मासिक. दुसऱ्यानें आंखून दिलेलें शिक्षण घेतलेला शिक्षक आपल्याच मुलांना ‘तुम्ही कोणी नव्हेत’ असें शिकवितो, हा त्यांच्या १९३३ च्या पुस्तकाचा गाभा आहे.

सनदेची मर्यादा दाखविणारी गोष्ट व्हर्जिनियांत घडली. नॉरफोक शहरांत गोऱ्या व काळ्या शिक्षकांची सनद सारखी, काम सारखें; वेतन मात्र कातडीच्या रंगावरून ठरे. मेल्विन अॅल्स्टन या शिक्षकानें दाद मागितली, आणि १९४० सालीं वरिष्ठ संघीय न्यायालयानें हा भेद घटनाविरुद्ध ठरविला. म्हणजे सनदेंत लिहिलेली समानता खरी होण्यासाठीं सनदवाल्यालाच कोर्टाची पायरी चढावी लागली. न्यू यॉर्कमध्यें १९४९ च्या एका कायद्यानें तर शिक्षकांच्या राजकीय मतांची व संबंधांची छाननी सुरू केली; तो कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं मोडून काढला. जो मुलांना नागरिकत्व शिकविणार, त्याच्याच नागरिकत्वावर अविश्वास!

एवढें वाचून ‘मग ही सनद निरर्थकच’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मला मान्य नाहीं. वुडसन यांस पुस्तकांतील उणीव दिसली, ती त्यांची दृष्टि जागी होती म्हणून. परंतु पुराव्यानिशीं ती भरून काढण्याचें बळ त्यांस विद्येनेंच दिलें. सनद धैर्य देत नाहीं, हें खरें. पण जवळ विद्या नसेल तर धैर्याचा नुसता आरडाओरडा होतो.

माझ्या विद्यार्थिनीचें पत्र परवां आलें. तिचा पहिला पाठ झाला. मागच्या बांकावर बसलेल्या मार्गदर्शक शिक्षिकेनें शेवटीं तिला एवढेंच सांगितलें: “तूं चाळीस मिनिटें उत्तम बोललीस, मुलांनीं मात्र एकही प्रश्न विचारला नाहीं.” पुढें तिनें निरागसपणें लिहिलें आहे, “सर, मीं अगदीं तुमच्यासारखें शिकविलें होतें.”

तीस वर्षें मीं इतिहासाच्या टिपणी सांगितल्या आणि मुलांनीं त्या उतरून घेतल्या. माझ्या वर्गाच्या मागच्या बांकावर कोणी कधीं बसलें नाहीं, आणि शिकविण्याची सनद मला कोणी मागितली नाहीं. तिच्या प्रश्नाचें उत्तर तिच्याच पत्रानें दिलें आहे. तें तिला कळविण्यासाठीं मीं आज कागद पुढें ओढला आहे.