पोटगी, ताबा आणि अपत्याची दोन घरे

रत्नागिरी शहर आणि भाट्ये यांच्यामध्ये काजळी नदीची खाडी आहे. खाडीवर पूल असल्यामुळे आई भाट्यात व वडील शहरात राहत असतील, तर मुलाने दोन्ही घरी आलटून पालटून राहणे अवघड नाही. परंतु कोकणातील वियुक्त दांपत्यांमधील अंतर बहुधा खाडीएवढे नसे. ते मुंबईएवढे असे. पती मुंबईस गिरणीत वा गोदीत चाकरीला, पत्नी व मुले गावी, आणि दोहोंना जोडणारी मनिऑर्डर, ही येथील संसाराची जुनी घडण होय. संबंध बिघडले की मनिऑर्डर थांबे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ हे अशा वेळचे मुख्य साधन होते. ऐपत असूनही पत्नीचा किंवा औरस वा अनौरस अपत्याचा सांभाळ न करणाऱ्याकडून दंडाधिकाऱ्याने मासिक पोटगी देववावी, अशी ही तरतूद. तिची कमाल मर्यादा प्रथम ५० रुपये होती. १९२३ मध्ये ती १०० आणि १९५५ मध्ये ५०० रुपये झाली. मात्र रकमेपेक्षाही स्थळाची अट अधिक जाचक होती. पती जेथे राहतो वा असतो, किंवा पत्नीसह जेथे शेवटी राहिला, त्याच जिल्ह्यात अर्ज करावा लागे. मुंबईचे बिऱ्हाड मोडून भाट्यास माहेरी परतलेल्या स्त्रीला मुलाच्या दुधाचे पैसे मागण्यासाठी पुन्हा मुंबईच गाठावी लागे, असा याचा व्यवहारातील अर्थ. १९७३ च्या संहितेने पत्नीच्या निवासाचे ठिकाणही ग्राह्य धरले. कायद्याच्या इतिहासात या दुरुस्तीचा उल्लेख एका ओळीत होतो. कोकणच्या दृष्टीने ती पुष्कळच मोठी होती.

या तरतुदीतील ‘एकंदर’ या अर्थाच्या शब्दप्रयोगानेही बराच घोळ घातला. एकंदर ५०० रुपये म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून, की प्रत्येक अर्जदाराच्या सर्व गरजा मिळून? १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरा अर्थ स्वीकारला, तेव्हा आईच्या पोटगीतून मुलाचा वाटा कापला जाण्याचे कारण उरले नाही. पुढे २००१ मध्ये ही मर्यादाच रद्द झाली.

मुलाचा सांभाळ हे केवळ बापाचे कर्तव्य, ही समजूत १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने बाजूस सारली. त्यातील बंधन आई व बाप या दोघांवर आहे. त्याच वर्षीच्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे ठेवला. ‘ताबा’ हा शब्द येथे सहज रुळला असला, तरी तोच जमिनीला व घरालाही लागतो. त्यामुळे मूल कोणाकडे ‘आहे’ हा प्रश्न मालकीच्या वळणाने विचारला जातो, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याच्याकडे केवळ देणे उरते. ‘पोटगी’ हा शब्द मात्र प्रामाणिक आहे. तो पोटाचेच नाव घेतो.

मग मूल दोघांकडेही राहू लागले, तर देणे कोणाचे व किती? २००० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे आई व वडील दोघेही नोकरी करणारे होते. वडिलांचे वेतन सुमारे दुप्पट होते, म्हणून मुलांच्या खर्चाची वाटणी दोनास एक या प्रमाणात झाली. येथे माप मिळकतीचे आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उभय पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करण्याचा दंडक घातला. त्याचा आधारही हाच.

ब्रिटनने निराळे माप पत्करले. १९९१ च्या कायद्यावर आधारलेल्या योजनेत पुढे रूढ झालेल्या कोष्टकाप्रमाणे मूल वर्षातून ५२ ते १०३ रात्री देणेकऱ्याकडे राहिल्यास रकमेचा सातवा हिस्सा कमी होतो. १०४ पासून दोन, १५६ पासून तीन सप्तमांश, आणि १७५ रात्रींपासून निम्मी सूट मिळते. हिशेब सोपा खरा. तथापि ५१ आणि ५२ या रात्रींमध्ये मुलाच्या गरजेत काहीच फरक पडत नाही, देण्यात मात्र पडतो. आणि जेथे पैसा रात्रींवर मोजला जातो, तेथे रात्रींसाठी भांडण होणे अपरिहार्य ठरते. शिवाय मूल दोन रात्री बापाकडे झोपले म्हणून आईचे घरभाडे वा शाळेची फी घटत नाही. उलट दोन अंथरुणे, दोन ठिकाणचे कपडे आणि मधला प्रवास यांनी एकूण खर्च वाढतो.

भारतीय विधि आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली आणि मुलाच्या निर्वाहाचा विचार त्याच प्रकरणात घेतला, हे योग्यच झाले. ती शिफारस अद्याप कायद्यात उतरलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ पोटगीबाबत बव्हंशी जुनाच सांगाडा पुढे चालविते. मुलाने कोठे किती दिवस काढले याचे प्रमाण त्यात नाही. ते तारतम्य न्यायाधीशाकडे सोपविले आहे. भाट्यातील आईला त्यासाठी आता खाडी ओलांडून रत्नागिरीच्या न्यायालयात जाता येते.